काका, तुम्हाला काय होतंय?

...आणि मला म्हणते कशी, "बाबा, इतका कण्हू नकोस रे, साधं पोट दुखतंय तुझं!" आता साधं दुखतंय म्हणजे किती कण्हायचं, हे मला कसं कळणार? आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली मी, मशीन कधी कण्हतं का? पण तुम्हाला सांगतो, कण्हलो. मन लावून कण्हलो! का? अहो, विचारलं तिनं!

म्हणजे झालं असं, आमची मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेत आपटली. कशात? बोलण्यात! तिथं एक खोटा पेशंट बसवतात, चांगला धडधाकट माणूस, पोट धरून. त्याच्याशी माणसासारखं बोलायचं, त्याचे मार्क. आणि आमची? 'कुठंदुखतंकधीपासूनउलटीहोतेका' एका दमात! परीक्षक म्हणाले, "बाई, पेशंटशी बोलताय की पाढे म्हणताय?" मग सरावाला पेशंट कोण? बाबा!

आता घरात आम्ही दोघंच. तिची आई गेल्यापासून बोलणं म्हणजे काय, तर "जेवलीस?" "हं." "उशीर होईल?" "हं." मान मोबाईलमध्ये. आणि ही पोरगी खुर्ची ओढून समोर बसली हो! डोळ्यांत बघून म्हणते, "काका," (मी बाबाचा काका झालो, 'तू'चा 'तुम्ही' झालो!) "काका, तुम्हाला काय होतंय? सावकाश सांगा, मला घाई नाही." घाई नाही! जन्मल्यापासून घाईत असलेली कार्टी! पण विचारलं तिनं!

मग काय, मी रोज आजारी. सकाळी पोट, संध्याकाळी छाती. ती दमून उठायला लागली की मीच म्हणायचो, "अगं, गुडघा राहिला की!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारते, "काका, सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते तुम्हाला?" ठरलेलं उत्तर होतं, 'ऑपरेशन करावं लागेल का?' ते तोंडातच येईना. म्हटलं, "माझी मुलगी पास होईल, लांब जाईल... मला फार आठवण येईल हो तिची. आत्ताच येते. समोर बसलेली असते, तरी येते." तिनं माझा हात धरला. खरंच धरला! मला वाटलं, पोचलं... आणि टाळ्या वाजवल्या हो तिनं! "बाबा! डोळ्यांत पाणीसुद्धा? काय अॅक्टिंग करतोस रे!"

म्हटलं, "जमतं थोडंफार."

पास झाली. परीक्षक म्हणाले म्हणे, "अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं बोललात!" घरच्या माणसाशी... ऐका! आणि गेली लांबच्या हॉस्पिटलात. जाताना कॉलेजातल्या धाकट्या पोरींना सांगून गेली, 'माझा बाबा पेशंट म्हणून एक नंबर.' आता दर रविवारी त्या येतात. "काका, काय होतंय? सावकाश सांगा." गुणी पोरी आहेत हो. पण त्यांना काय सांगू? पोट सांगतो, गुडघा सांगतो.

काल तिचा फोन आला. मी आधी खुर्चीत नीट बसलो. म्हटलं, आता विचारेल. तर म्हणाली, "बाबा, पोरी व्यवस्थित विचारतात ना रे तुला?"

म्हटलं, "विचारतात गं. सगळ्या विचारतात."

"बरं झालं," म्हणाली, "मग मला काळजी नाही." आणि ठेवला की हो फोन!

असो. रविवारी पडतो परत आजारी.