सांबराची हाक

"अहो, चारचौघांत असं ओरडताय काय! माज आलाय का?"

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाबाहेर, तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या जयाच्या अगदी कानामागे हे पुटपुटणं झालं. तिने हळूच वळून पाहिलं. मागे पिकल्या केसांची दोघं उभी होती, एक बाई आणि एक गृहस्थ.

"माज सांबराला येतो, सोजरबाई. ह्याच थंडीच्या दिवसांत. वनखात्यात होतो तवा असा आवाज काढला, की नर धावत यायचा."

"आणि मादी?"

"ती कशाला येतीय! नराला वाटायचं, आपल्या रानात दुसराच कुणी शिरलाय. भांडायलाच यायचा."

"म्हणजे नोकरीभर हाका मारल्यात, त्या भांडणासाठी!"

"हसा, हसा. आत गेल्यावर बघा कसा कान टवकारतो ते."

"बघते की. परवा लेकाकडे बेंगळुरूला गेले, की तिथं कुठलं सांबर!"

"परवाच?"

"त्यानं तिकीट काढलंय. म्हणतो, बाबा गेल्यापासून एकटीच आहेस, आता इकडेच ये कायमची."

"बरोबरच हाय त्याचं. एकटं राहणं वाईट. आमची गेल्यापासून मीबी भिंतींशीच बोलतो."

"बरोबर आहे ना? मग झालं तर."

"तिथली हवा चांगली असती म्हणे."

"असते."

रांग पुढे सरकली. जया सरकायचं विसरली.

"संपतराव, सांबराला एवढ्या लांबून हाक घालता. शेजारच्या माणसाशी बोलताना दातखीळ बसते का?"

"हाक घातली आन् तुमचा लेकच भांडायला आला तर?"

"येऊ दे. त्याला मी बघून घेईन."

"मग जाऊ नका, सोजरबाई. आपण लग्न करू या."