ल्युबाच्या चित्रावरची टेप

हलू नको म्हणे! अहो, हलतोय कोण? वीस मिनिटं झाली, मी या भिंतीपाशी एक हात वर करून उभाय, अर्धी टेप चित्राला, अर्धी माझ्या अंगठ्याला, आणि गॅलरीच्या या फिलिपाबाई माझ्या कानाशी, ‘हलू नकोस मित्को, श्वाससुद्धा बेतानं घे!’ आता तुम्ही सगळे चष्मे पुसून बघताय म्हणून तुम्हालाच सांगतो, दुसरं करणार काय, पळता येतंय का? सोडली तर परत चिकटेल, ओढली तर रंग सोलून येईल, आणि चित्रं दुरुस्त करणारी बाई सिडनीहून निघालीय, दीड तास लागेल म्हणे... दीड तास! नाक खाजतंय हो माझं!

हे चित्र माझ्या बहिणीचं. ल्युबाचं. शेवटचं. पाटीवर तसं लिहिलंय, पण त्याखाली काय लिहिलंय वाचलंत? ‘निळा विराम’! हे नाव तिनं नाही दिलं, फिलिपाबाईंनी दिलं. मगाशी भाषणात काय म्हणाल्या, ‘जिनं आयुष्यभर निळा रंग वापरला नाही, तिनं जाता जाता या निळ्या रेघा आखल्या, जणू आकाशाकडे निघालेल्या वाटा...’ आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात! आकाश कसलं डोंबलाचं? हार्डवेअरच्या दुकानातली टेप आहे ती! रंग पसरू नये म्हणून लावतात, मग काढतात. हिची काढायची राहिली. एवढंच!

हो बाई, नाही हलत. बोलतोय फक्त.

तुम्हाला सांगतो, ल्युबानं गोल, चौकोन आणि त्रिकोण यापलीकडे जन्मात काही काढलं नाही. आई बिचारी म्हणायची, ‘अगं, एखादं फूल तरी काढ, चर्चमधल्या बायका विचारतात, काय सांगू?’ तर ही म्हणायची, ‘सांग, गोल काढते.’ ‘पण गोल म्हणजे काय?’ ‘गोल म्हणजे गोल, आई. तू मिरच्या भाजतेस, तेव्हा मिरची म्हणजे काय असं कुणी विचारतं का तुला?’ संपलं! पण रंग... एका नारिंगीला आठवडा लावायची. पोलादाच्या कारखान्याचा उजेड आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडायचा ना, तस्सा तिला पाहिजे. रंगाचे हातावर हात, सात हात. आणि त्याच्या शेजारी गुलाबी, पण कसला? धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखा. म्हणायची, ‘मित्को, रंगांनी खेटून उभं राहायचं, भांडायचं, पण एकमेकांत सांडायचं नाही. कड बिघडली की चित्र मेलं.’ त्या कडेसाठी ही टेप!

आणि ती काढायचं काम माझं. शाळा नववीतच सुटली, तेव्हापासून. रंग ओला असतानाच, तिरकी धरून, सावकाश. मी ओढायला लागलो की ती मागच्या अंगणात जायची, बघवायचं नाही तिला, आणि तिथनं ओरडायची, ‘झालं का रे गाढवा?’ मी म्हणायचो, ‘गाढवाच्या भरवशावर तर चाललंय तुझं!’

‘हलू नकोस!’ ऐकलंत? अहो बाई, हसलो जरा.

त्या सोमवारी तिचा फोन आला. ‘मित्को, ये, वाळतंय.’ म्हटलं, येतो. आणि गेलो कुठं? बंदराच्या धक्क्यावर, गळ टाकून बसलो. मासे लागत होते हो, एकामागून एक! पुन्हा फोन, ‘अरे, वाळतंय!’ मी काय म्हणालो, सांगू? ‘उद्या काढू की, पळून चाललंय का चित्र?’

चित्र नाही गेलं कुठं...

मंगळवारी सकाळी मासे साफ करून घेऊन गेलो, तर ही टेबलाशेजारी, जमिनीवर. डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. सगळं वाळलं होतं. ब्रशसुद्धा.

काल तिला जाऊन चाळीस दिवस झाले, आमच्या रीतीप्रमाणे आईनं थडग्यापाशी उकडलेला गहू वाटला, आणि आज इथं येऊन बघतो तर काय, टेपेसकट टांगलंय! मी फिलिपाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, ‘ही काढायची असते हो.’ तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘दुःखात असं वाटतं.’ असं वाटतं? मी बारा वर्षं तेच केलंय! मग कळलं, कुठल्याशा म्युझियमनं घ्यायचं ठरवलंय, सोमवारी सह्या झाल्या की काचेत जाणार, टेपेसकट, कायमचं. आणि या टेपेखाली, तुम्हाला ठाऊक नाही, लिंबासारखी पिवळी रेघ आहे, बारीक. ती मधे आली की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नारिंगी जागचा हलायला लागतो. त्या रेघेसाठीच सगळी खटपट केली होती तिनं. म्हणून मी... हात गेला हो माझा! आपोआप गेला. रिळावर लिहिलेलं असतं, चौदा दिवसांत काढा. आज एक्केचाळिसावा.

थांबा, फोन आला, सिडनीची बाई. जरा मोठ्यानं लावा ना... ‘किती दिवस झाले?’ एक्केचाळीस, मॅडम. ... हां, बोला. ‘मी येऊनसुद्धा तेच करणार. थोडा रंग निघेल. पुढं ओढायची की नाही, ते घरच्यांनी ठरवावं.’

घरचे म्हणजे मी, आणि ती समोर काळ्या स्कार्फात बसलीय ती. आई, काय करू गं?

... ऐकलंत काय म्हणाली? ‘तिला इतकं ताटकळत ठेवलंस, अजून किती ठेवणार?’

बाजूला व्हा फिलिपाबाई. तिरकी धरून... सावकाश... सावकाश...

आली! बघा! बघा ती पिवळी! हलला की नाही नारिंगी?

हो, इथं सोललंय. नखाएवढं. दिसतंय मला. त्या सोमवारचं आहे ते, पाटीवर तेवढं माझ्या नावानं लिहा... आणि फिलिपाबाई, आत्ताच डोळ्यांना रुमाल लावू नका, अजून अकरा टेपा बाकी आहेत. खुर्ची द्या कुणीतरी.