व्हॅनच्या छतातली कडी

माझ्या व्हॅनच्या छतात ती कडी कावून हाय, हे सगळेच इचारतात. सांगतो. दुष्काळात गावची दूध संस्था बंद पडली, तवा तिची जुनी व्हॅन मी घेतली. घरच्यांना घेऊन चार दिवस फिरावं म्हणून आत पलंग केला, पंखा बसवला, छताला प्लायवूड ठोकून वर गुलाबी रेक्झिन लावलं. वायरिंग सगळं प्लायच्या आत. लई झकास दिसत व्हतं.

निघायच्या सकाळी चहा प्यायला घरात गेलतो, तर ठकठक ऐकू आली. पळत आलो. माय पलंगावर उभी, हातात हातोडा, आणि माझ्या नव्या छतात ही एवढी लोखंडी कडी! आतली वायर तुटली, पंखा बंद.

"माय, हे कावून केलं?"

"मग लेकराची झोळी कुठं बांधू?"

"पलंग केलाय की पोरीला! पंखा हाय!"

"ऊसतोडीला गेलतो तवा तू दोन महिन्यांचा व्हतास. पाचटाच्या कोपीत कुठला पलंग? बांबूला झोळी बांधली, त्यातच झोपायचास."

मी फणफणत वायर जोडली. तिनं लुगड्याची झोळी बांधून माझ्या पोरीला आत ठेवलं.

माजलगावला पोचलो तवा मी वरडलो, "धरण आलं बघा!" तर शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. मागं बघितलं. झोळीत पोरगी गाढ झोपलेली, आणि मी केलेल्या पलंगावर, पंख्याखाली, माय.

धरण आमी दुसऱ्या दिवशी बघितलं.