सरोजा राव, मल्लेश्वरम

टोपणनावाचं म्हणाल तर मी एक घेणारच होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या एका दिवाळी अंकाला मी पहिलीच कथा पाठवली होती. संपादकांचा फोन आला.

"कथा छान आहे हो. पण सरोजा राव हे नाव कानडी वाटतं. लोकांना अनुवाद वाटेल. जोशी, कुलकर्णी असं काहीतरी घ्या ना!"

छापून येतंय म्हटल्यावर मी काय, लगेच कानडीतलं 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणून टाकलं. फोन ठेवला आणि मागे वळले, तर वडील उभे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो.

"काय सरी?"

मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तीनशे वर्षं या कानडी मुलखात राहून आपण घरात मराठीच बोलतोय. आता मराठीत लिहायला नाव बदलायचं? मग कथाच परत माग."

मी परत पुण्याला फोन लावला आणि नाव बदलणार नाही, नाहीतर कथा परत पाठवा म्हणून सांगितलं. संपादक म्हणाले, "बरं. रावच राहू दे."

अंक आला. अण्णांची शाळा कानडी, त्यांना मराठी बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. म्हणाले, "आपलं नाव कुठं आहे, स्वल्प दाखव." मी बोट ठेवलं. त्यांनी पेन काढून नावाखाली तेच नाव कानडीत लिहिलं आणि अंक घेऊन थेट शेजारच्या मूर्ती नावाच्या कानडी गृहस्थांकडे गेले.

मूर्ती पानं उलटायला लागले, तसे अण्णा म्हणाले, "कथा मराठी आहे, तुम्हाला कळायची नाही. तुम्ही नाव वाचा!"