पान ११२ वरील अंगठ्याबाबत

नाव निहार आनंदा मांडवकर, वय २३ वर्षे, शिक्षण बारावी नापास, धंदा स्कॅनिंगचे काम, मूळ रा. लांजा, सध्या मुरुगवाडा, रत्नागिरी.

समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी बंदरकाठ वाचनालयात शहराची जुनी दप्तरे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकतो. आजपर्यंत ४,११६ पाने झाली. सन १९३१ च्या होड्यांच्या नोंदवहीतील पान ११२ मी ६ जानेवारीला स्कॅन केले. त्यावर होडीचे तांडेल, म्हणजे प्रमुख, विठू डोर्लेकर यांचा अंगठा आहे. त्या पानाला मला चाळीस सेकंद लागले.

दि. १९ जानेवारी रोजी सकाळी ११.१० वाजता विठू यांची नात कमळा भाटकर, वय ७४, व त्यांची स्वतःची नात सानवी वाचनालयात आल्या. विठूंची होडी समुद्रात गेली ती परत आली नाही, घरी फोटो नाही, पितरांच्या दिवशी नुसता नारळ मांडतो, असे कमळा यांनी सांगितले.

त्यांनी सानवीच्या मोबाईलवर दिसणाऱ्या अंगठ्यालाच कुंकू लावले. सानवी म्हणाली, "आज्ये, माझा मोबाईल! ह्यो आता सगळ्या जगाला दिसतोय. सगळ्यांच्या मोबाईलला लावत फिरशील काय?"

कमळा म्हणाल्या, "मग खरा कुठं हाय?"

मूळ पाने बाहेरच्यांना दाखवायची नाहीत, हा नियम मला माहीत होता. मी कपाट उघडून वही काढली. अंगठा मोठा आहे. मध्ये आडवी चीर आहे. स्कॅनमध्ये ती पुसट आली आहे. कमळा म्हणाल्या, "दोरानं कापलेला. माझा बापूस सांगायचा. त्यानं पन कधी बघितला नाय." मी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या होत्या. तसा नियम नाही.

११.३५ वाजता कमळा यांनी मूळ अंगठ्याला हळदकुंकू लावले. मी हातभर अंतरावर होतो.

पान खराब केल्याची तक्रार सचिव रुचिरा मॅडम यांनी दिली आहे. त्या मला म्हणाल्या, "बाईंनी वही ओढून घेतली असं सांग. तुझं काम राहील."

कमळा यांनी वही ओढून घेतली नाही. ती मी त्यांच्यापुढे उघडून ठेवली. हळदकुंकवाची पुडी सोडून त्यांनी मला विचारले, "लावू?" मी "लावा" म्हणालो.

हा जबाब मी स्वतः दोनदा वाचला. मी सांगितले तेच लिहिले आहे. काही कमी करायचे नाही.