बुधवारचा वास

मिस्त्री : या मास्तर, असे जवळ या. ताई, तुम्हीही या. ते स्टूल पुसून ठेवलंय, साडीला काळं लागायचं नाही. तुमच्या गाडीनं सकाळपासून माझ्या कानात जे सांगितलं, ते आता तुम्हाला सांगतो. ऐकण्यासारखी गोष्ट आहे. फक्त मधेच उठायचं नाही.

ताई : गोष्टी कसल्या सांगता मिस्त्री? गाडीत काट्यांशेजारी लागलेला तो पिवळा दिवा घालवून द्या, एवढंच म्हटलं होतं. रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला आणायला जायचंय. आठ महिन्यांनी घरी येतेय ती.

मिस्त्री : दिवा घालवायला एक बटण पुरे आहे, ताई. पण चार दिवसांनी तो पुन्हा डोळा मारणार. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडायचा, त्यातली गत.

मास्तर : मोठं दुखणं आहे का? जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर आहे. येताना ताईंची बहीण, म्हणजे माझी बायको, मागच्या सीटवर असेल. गाडी वाटेत बंद पडलेली तिला सोसायची नाही.

मिस्त्री : बंद पडायची नाही. अशीच वर्षभर पळेल. गळतंय ते सुईच्या टोकाएवढ्या भेगेतून. आणि पेट्रोलही नाही, नुसती वाफ.

ताई : वाफेसाठी सकाळपासून गाडीचं पोट फाडून ठेवलंत होय? आमच्याकडे कुकरची वाफ गळते तर आम्ही ओलं फडकं लावतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मिस्त्री : कुकरच्या वाफेला काडी लावून बघा, काही होत नाही. ही पेट्रोलची. ऐका. टाकीतलं पेट्रोल सारखं उडत असतं, गरम झालं की जास्तच. ती वाफ मोकळी सुटू नये म्हणून नळ्या तिला एका डब्यात नेतात. डब्यात कोळसा. कोळसा वाफ धरून ठेवतो, आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. सगळं झाकलेलं, सगळं घट्ट. कुठे फट पडली की गाडीला कळतं आणि दिवा लागतो.

मास्तर : टाकीचं झाकण सैल असेल. मी नीट लावतो तसं, पण...

मिस्त्री : पहिल्यांदा तेच पाहिलं. दहातली सात दुखणी झाकणाच्या रबरात असतात. तुमचं झाकण ठणठणीत. मग हे धुराचं यंत्र लावलं. पांढरा, निरुपद्रवी धूर; नळ्यांत हलक्या दाबानं सोडायचा आणि कुठून डोकावतो ते बघत बसायचं. कामाला कष्ट नाहीत, धीर लागतो. मास्तर, टॉर्च धरा. मागच्या चाकाच्या आत, त्या काळ्या डब्याच्या वर. नळी मी जरा वाकवतो.

(मिस्त्री यंत्र सुरू करतो. तिघंही वाकून बघत राहतात.)

मास्तर : काही नाही दिसत.

मिस्त्री : थांबा.

मास्तर : दिसलं. विझलेल्या काडीचा निघतो, तसा. एकच धागा.

ताई : एवढासाच? ह्याच्यासाठी एवढा मोठा दिवा?

मिस्त्री : एवढासाच. नळी सरळ असली की भेग मिटते, गरम झाली की उघडते. म्हणून तर माझा अर्धा दिवस गेला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा डबा. नवा डबा हातात घेऊन बघा आधी. हलका ना? आता तुमचा घ्या.

मास्तर : हा जड आहे. आत काहीतरी हिंदकळतंय.

मिस्त्री : पेट्रोल. कोळसा भिजून चिखल झालाय. तो कसली वाफ धरणार? मास्तर, रागावू नका. पंपावर खटका पडतो, टाकी भरली म्हणून. त्यानंतर तुम्ही आणखी घालून घेता?

मास्तर : घेतो. काठोकाठ. ती नळी जरा हलवायला सांगतो, म्हणजे आणखी थोडं मावतं. माझे वडील तसंच करायचे. टाकी भरलेली असली की घर भरल्यासारखं वाटतं.

मिस्त्री : बहुतेक सगळेच तसं करतात. वरचं ते थोडं टाकीत मावत नाही, ते या डब्यात उतरतं. वर्षानुवर्षं तेच चाललं असणार. मला नवल एकाच गोष्टीचं वाटतं, तुम्हाला घरात वास कसा आला नाही? गाडी उघड्यावर ठेवता का?

ताई : मास्तर, उशीर होतोय. नळी बदलायला सांगा आणि चला.

मास्तर : घराखाली ठेवतो. शेड आहे. दार ओढून घेतो, धूळ बसते म्हणून.

मिस्त्री : मग तर झालंच. टाकी काठोकाठ, गाडी उन्हातून आलेली, दार बंद. तास-दोन तास वाफ सुटत राहणार आणि सापडेल त्या फटीनं वर चढणार. शेडच्या वर काय आहे?

मास्तर : शिवणाची खोली.

मिस्त्री : मग तिथे बसणाऱ्याचं डोकं उठत असेल हो. रोज नाही, टाकी भरली की त्या दुपारी. संध्याकाळपर्यंत सगळं साफ, शोधायला जावं तर काही नाही. लबाड दुखणं आहे हे. मास्तर? खाली बसा. ताई, त्या माठातलं पाणी द्या यांना.

मास्तर : मी बुधवारी भरतो. शाळा बुधवारी अर्धा दिवस असते. येताना पंपावर जातो, गाडी शेडमध्ये लावतो, जेवतो आणि वाचनालयात जातो. बावीस वर्षं.

ताई : पुरे झालं, मास्तर. लोकांच्या दुकानात नको.

मास्तर : मिस्त्रींना कळू दे. माझी बायको कुठे आहे म्हणून तुम्ही ऐकलंत, मिस्त्री?

मिस्त्री : वहिनी आजारी आहेत, दूरच्या इस्पितळात आहेत, एवढंच. जास्त विचारायची माझी पद्धत नाही.

मास्तर : मनाच्या इस्पितळात. तिला पेट्रोलचा वास यायचा. मला नाही, ताईंना नाही, शेजारच्यांना नाही. मी म्हणायचो, माझ्या सदऱ्याचा येत असेल, पंपावरून आलोय. तिनं सदरे दोनदा धुतले. मग खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मग बुधवारी गॅस पेटवू देईना. घर जळेल म्हणायची. बुधवारी आम्ही थंडगार जेवायचो. मी चिडायचो.

मिस्त्री : पण मास्तर, त्यांचं... बंद शेडमध्ये वाफ कोंडली की एक ठिणगी पुरते. बरोबरच होतं त्यांचं.

मास्तर : हो. तिनं आमचं घर जाळू दिलं नाही. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, वास रोज येतो का? ती म्हणाली, नाही, बुधवारी. डॉक्टरांनी पेन उचललं.

ताई : मी तिथेच होते. मीच म्हणाले, वासालाही वार असतो का गं? बाकीचे दिवस काय रजेवर जातो? सगळे हसले. मेली तीही हसली. नंतर जिन्यात मला म्हणाली, ताई, पण येतो गं.

मिस्त्री : असं कुणालाही वाटलं असतं, ताई. वास दिसत नाही.

ताई : तुम्ही माझी समजूत काढू नका. तिनं एका मंगळवारी फोन केला होता. म्हणाली, उद्या बारा वाजता ये, माझ्याजवळ एक तास बस, काही बोलू नकोस, नुसती बस. मी गेले. पण संध्याकाळी सहाला गेले. माझ्या घरी पाहुणे होते. नाक वर करून दोन-चार वेळा हुंगलं आणि म्हटलं, बघ, काही नाही.

मास्तर : मलाही म्हणायची, आजच्या दिवस वाचनालय राहू द्या. एक तास तर मागत होती.

मिस्त्री : मग इस्पितळात कशा...?

मास्तर : एका बुधवारी शिलाईचं मशीन ओढत जिन्यात आणलं तिनं. एकटीनं. रस्त्यावर बसून शिवीन म्हणाली. मशीन पायरीवरून घसरलं, बोटं चेंगरली. लोक जमले. दुसऱ्या दिवशी मी सही केली.

ताई : आणि खाली माझी.

मिस्त्री : देवा. एक विचारू का? जाऊ दे, नको.

मास्तर : विचारा. दिवा आत्ताच का लागला, हेच ना? मीही तेच विचारणार होतो. इतकी वर्षं का नाही?

मिस्त्री : सांगायचं माझ्या जिवावर आलंय. टाकी काठोकाठ असली की गाडी ही फट शोधायची तपासणी घेतच नाही, मास्तर. थोडी रिकामी लागते. तुमची शाळा चार गल्ल्यांवर. आठवड्यात टाकी उतरायची नाही, आणि बुधवारी तुम्ही पुन्हा भरायचात. गाडीला स्वतःकडे बघायला सवडच मिळाली नाही. आता तुम्ही दर रविवारी दोनशे किलोमीटर जाता.

मास्तर : तिला भेटायला.

मिस्त्री : तिथून परत येईपर्यंत टाकी अर्धी होते. रात्रभर गाडी थंड होते. सोमवारी सकाळी तुम्ही किल्ली फिरवता. तेवढ्यात गाडी तपासते. इतके महिने गार नळीत भेग मिटलेली असायची; या सोमवारी ती पुरती मिटली नाही, आणि गाडीला सापडली.

ताई : आणि मंगळवारी गाडी इथे आली. ऐकलंत का मास्तर? गाडीनं एकदा दिवा दाखवला, तर दुसऱ्या दिवशी आणली आपण तिला मिस्त्रीकडे. माझी बहीण दोन वर्षं ओरडत होती.

मास्तर : ताई.

ताई : बोलू द्या. नाहीतर मी इथेच आडवी होईन.

मिस्त्री : पण आता त्या बऱ्या होऊन येताहेत ना? रविवारी?

मास्तर : बऱ्या. मागच्या महिन्यात तिनं डॉक्टरांना सांगितलं, वास येत नाही. कधी आलाच नव्हता, माझा भास होता. त्यांनी सुधारणा म्हणून लिहिलं. मी पेढे... नाही, फळं नेली होती. तिनं सगळ्यांना वाटली.

ताई : आता शहाणे असाल तर हे इथेच पुरा. वास नव्हता म्हणाली म्हणून दार उघडलं तिचं. तुम्ही तिला जाऊन सांगणार, वास होता म्हणून? मग हे आठ महिने कशाचे? त्या गोळ्या, ते हात थरथरणं, कशाचं? मिस्त्री, नळी बदला, डबा बदला, तो जुना कचऱ्यात टाका. ती घरी येईल, शिवत बसेल, वास येणार नाही. सुखानं जगू द्या तिला.

मास्तर : ती जगेल का, ताई? गेल्या रविवारी तुम्ही आला नव्हतात. तिच्या खोलीत पंख्याची वायर जळाली. धूर नव्हता अजून, पण वास असा, की व्हरांड्यातली माणसं धावत आली. ती पलंगावर बसून होती. मी ओरडलो, अगं, वास नाही का येत तुला? तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, तुम्हाला येतोय का? मग असेल.

ताई : असं म्हणाली?

मास्तर : चेहऱ्यावर काही नव्हतं. मी हो म्हणेपर्यंत ती थांबली होती. उद्या घरात दूध उतू जाईल, काही पेटेल, आणि ती माझी वाट बघत बसेल, मी येऊन वास येतो म्हणेपर्यंत.

ताई : माझ्या हाताखाली वाढली हो ती. भाजी लागायच्या आधी स्वयंपाकघरात धावायची. तिचं नाक म्हणजे...

मिस्त्री : ताई, पाणी घ्या थोडं. मास्तर, मी नळी बसवतो तोवर. हात चालू असले की मलाही बरं.

मास्तर : मी सांगणार तिला. आधी डॉक्टरांना. हा डबा आणि ही नळी त्यांच्या टेबलावर ठेवणार. मिस्त्री, तुम्ही एका कागदावर लिहून द्याल? काय सापडलं, कसं सापडलं, टाकी कोणी आणि कशी भरली. माझं नाव स्पष्ट लिहा.

मिस्त्री : लिहून देतो. अक्षर वाईट आहे, पण लिहितो.

ताई : आणि तिनं विश्वास ठेवला नाही तर?

मास्तर : तीच तर भीती आहे, ताई. ठेवेल. मी म्हणतोय म्हणून ठेवेल. तुम्ही म्हणताय तर असेल, म्हणेल. तिचं स्वतःचं जे होतं ते कुठून आणून देऊ मी? ते कुठल्या दुकानात मिळतं?

मिस्त्री : ...झालं. पुन्हा धूर सोडतो. टॉर्च धरा. नीट बघा, सगळीकडून.

मास्तर : नाही. कुठेच नाही.

मिस्त्री : काटा हलत नाही, म्हणजे दाब धरलाय. दिवा मी आता पुसतो, पण गाडी चार-दोन दिवसांत स्वतःची पुन्हा तपासणी घेईल. टाकी अर्धीच ठेवा. खटका पडला की थांबायचं.

मास्तर : थांबेन.

ताई : मी येते रविवारी. पुढे बसणार नाही. मागे, तिच्याजवळ बसेन. आणि घरी पोचलो की शिवणाच्या खोलीत बसेन. काही बोलणार नाही.

मिस्त्री : ही नळी कागदात गुंडाळलीय, मास्तर. डबा पिशवीत. पिशवीची गाठ सोडू नका, उग्र वास आहे.

मास्तर : येतोय मला. मिस्त्री, एक मागणं होतं. सकाळी दुकान उघडताना तुम्ही शटरपाशी डोळे मिटून उभे राहता, मी शाळेत जाताना बघतो.

मिस्त्री : राहतो दोन मिनिटं. जुनी सवय आहे.

मास्तर : उद्या उभे राहाल तेव्हा तिची आठवण ठेवा.

मिस्त्री : हे काय सांगणं झालं? ठेवणारच. वहिनींना पूर्ण बरं वाटू दे, असंच मागेन.

मास्तर : ते नका मागू. ती आजारी नव्हती.