पांदणीची गाडी

हॅलो?… हां अंकिता, बोल… नाई गं, मोकळाच आहे. ट्रकखाली पडलो आहे फक्त… सांगजो ना, एवढी काय घाई? आधी आपल्या आतेभावाचं एक वाक्य ऐक. आज सकाळीच सुचलं. माणसानं रस्त्याची वाट पाहत जन्म घालवू नये. रस्ता नाई तिथं जाईल अशी गाडी आपल्या हातानं करावी… कसं आहे?… थू… थू… काही नाई, तोंडात ऑईल पडलं.

हां… आई? आई झोपली आहे. वर, ट्रकातल्या बर्थवर… काऊन हसून राह्यली? खरंच सांगतो. रोज दुपारी तिथंच असते. पंखा लावला की फटींतून कापूस उडते, पंधरा वर्षं कापूसच वाह्यला ना या ट्रकानं. आई तो वेचते अन् बसल्या बसल्या वाती वळते… नाई, उठवत नाई. तुझं काय असेल ते मले सांग… थांब थांब, त्याच्याआधी मले एक पाह्यजे. तुमच्या पांदणीत आज चिखल किती? पोटरीपर्यंत का गुडघ्यापर्यंत?

…अगं, ‘ते जाऊ दे’ काय? उद्या महालक्ष्म्या. सात वर्षं झाले, आई माहेरच्या पंगतीले बसली नाई. येष्टी फाट्यावर उतरवते, तिथून पाच किलोमीटर पांदणीची कच्ची वाट, अन् तिच्या गुडघ्यांचं तुले मालूमच आहे. यंदा मी तिले शब्द दिला. थेट तुमच्या अंगणात उतरवतो म्हटलं… काय म्हणाली? हसली फक्त.

गाडीत काय काय आहे?… हां, आता विचारलं बरोबर. पाह्य, मागचे टायर ट्रॅक्टरचे आहेत, समोरचे मूळचे. त्याच्यानं गाडी उभी असली तरी उतारावरून येऊन राह्यल्यासारखी दिसते… नाई, पडत नाई कोणी, झोपताना उशी समोरच्या बाजूले घ्यायची नाई, बस. खिडक्या एका पाडलेल्या घराच्या आहेत, गजासहित. पाण्याची टाकी आहे. ओटा आहे, ग्रॅनाइटचा तुकडा बसवला… रक्षा? खूश कुठली! म्हणते, ‘घरातला ओटा बारा वर्षांपासून गळून राह्यला, अन् ट्रकाले ग्रॅनाइट.’ बायकोले दूरचं दिसत नाई… कुठं आहे काय माहीत. सकाळी बोनेटवर डबा ठेवला, म्हणाली जेवून घेजा, अन् गेली शेजारी.

चालते का म्हणजे? चालली ना! नाचणगावपर्यंत चालली… येताना माणिक मिस्त्रीच्या ट्रॅक्टरनं आणली, पण सुकाणू पूर्ण वेळ माझ्याच हातात होतं… आता? आता गिअरबॉक्स अंगणात आहे… हो, निघायचं उद्याच आहे. तू चिखलाचं सांग.

…नाई?… नाई म्हणजे?… अगं भादव्यात चिखल नाई कसा? पाणी नाई पडलं का?… पडलं. मग?… कायचा रस्ता? सिमेंटचा?… अंकिता, मजाक करू नको, माझ्या अंगावर ट्रक आहे.

…थांब. निघू दे मले बाहेर.

हां. पुन्हा सांग… फाट्यापासून गावापर्यंत?… पूर्ण?… कधी झाला?… दिवाळीच्या आधी! अन् येष्टी गावात येते… दोन वेळा…

अगं, पण मले कसं पटेल? तुमच्या रस्त्याची फाईल माझ्याच टेबलावरून गेली. ‘काम पूर्ण’ असा शिक्का होता तिच्यावर. बावीस वर्षं मी हापिसात शिक्के पाहून राह्यलो. काम पूर्ण म्हणून शिक्का पडला म्हणजे समजून घ्यायचं, आता तिथं जन्मात कोणी खडी टाकत नाई. म्हणून तर त्याच संध्याकाळी ट्रक पाह्यले गेलतो!… हो, खरंच झालं असेल तर काय, असा विचार… नाई आला. बावीस वर्षांत नाई आला.

बरं, एक तरी खड्डा असेल?… एकही नाई?… पुलाजवळ? पुलाजवळ असतेच… नाई.

…मग मले कोणी सांगितलं काऊन नाई?… आईले? आईले सांगितलं होतं? दिवाळीत?… अन् ती दहा महिने वाती वळत बसली? थांब, उठवतोच तिले. आई! ए आई!… ट्रकाचा जिना चढून राह्यलो, थांब… आई…

…अंकिता.

बर्थवर उशी आहे फक्त.

…काय?… हेच सांगाले फोन केलता?… कधी पोचली?… सकाळच्या… रक्षा सोबत आहे. शेजारी म्हणे गेली! तुमचा समुद्रपूर तालुका कुठून शेजारी झाला?… गुडघे बरे आहेत?… तुमच्या दारातच उतरली. चालाच नाई लागलं… अन् वाती?… डबाभर आणल्या. हो, त्या ट्रकातल्याच.

…दे तिले… आई? पोचली ना?… हो… नाई, रागावलो नाई… काऊन नाई सांगितलं पण?… मी शब्द दिलता म्हणून… अन् मी हापिसातून थेट घरी येऊ लागलो होतो म्हणून… हो… हो, आवडला म्हणते तुले बर्थ, मग झालं… गाडी? करतो ना, सावकाश करतो. आता घाई कायची… जेवलो नाई अजून. जेवतो.

…हां अंकिता… उद्या? येतो ना. पंगत किती वाजता?… मग पहिली बस पकडा लागते… नाई, ट्रक नाई, बसनंच… तिकीट? आईले पंच्याहत्तर झाले, तिले लागत नाई. रक्षाले अर्धं… मले पूर्ण लागते.

ठेवतो.